दम कमी झाला

ज्या दिवशी अयोध्या गेली, त्या दिवशी ते आधी नर्सला कळलं, मग पोरीला, मग रणधीर डॉक्टरला आणि सगळ्यांच्या शेवटी नवऱ्याला.

व्यंकट तेव्हा बसमध्ये होता. आदल्या दिवशी तो सोलापूरच्या दवाखान्यातून सास्तूरला परत आला होता, कारण म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला धार देत नव्हती. सकाळी धार काढून, दूध शेजारी देऊन, पिठलं-भाकरीचा डबा बांधून तो लोहाऱ्याहून सोलापूरच्या बसमध्ये बसला. नळदुर्गच्या अलीकडं फोन वाजला. फोनवर नाव आलं नाही, नुसता नंबर आला. हा नंबर व्यंकटनं कधी साठवून ठेवला नव्हता, पण त्याला तो पाठ होता.

"व्यंकटराव, कुठपर्यंत आलात?"

"नळदुर्ग येतंय."

"बसायला जागा मिळालीय ना?"

"मिळालीय. काय झालं?"

डॉक्टर बोलायला गेला आणि त्याचा आवाजच फुटला. एवढा शिकलेला माणूस फोनवर नाक ओढत होता. "अयोध्याताई गेल्या हो. पंधरा मिनिटं झाली. मी पुण्यात आहे. हर्षालीनं मला फोन केला."

व्यंकटनं फोन कानावरून काढला आणि मांडीवरच्या डब्याकडं बघितलं. त्या घडीला त्याच्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की हा का रडायलाय? बायको माझी. रडायचा पहिला मान माझा. तोही यानंच घेतला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हर्षाली गळ्यात पडली. तुळजापूरला कॉलेजात शिकणारी एकुलती एक पोर. म्हणाली, "अप्पा, माझ्याच्यानं तुम्हाला सांगवंना. म्हणून डॉक्टरांना लावला." व्यंकटनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण ते त्याच्या आत बोराटीच्या काट्यासारखं मोडून राहिलं.

दोन वर्षांपूर्वी अयोध्याच्या छातीत गाठ निघाली होती. सोलापूरला ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. त्यातलं एक औषध लालभडक होतं. वॉर्डातल्या बायका त्याला लाल सलाईन म्हणत. ते गाठीला मारतं, पण एखादीच्या काळजालाही मारतं, आणि तो मार लगेच दिसत नाही. वर्ष-दीड वर्षानं दिसतो. रणधीर डॉक्टरचं काम नेमकं त्यावर होतं. गाठ शोधायला जे फोटो काढतात, त्यांच्यातच काळजाचा बिघाड आधी ओळखता येतो का, आणि औषधाच्या जोडीनं काळीज सांभाळणारी एक गोळी दिली तर ते वाचतं का, हे तो तीनशे बायकांमध्ये बघत होता. अयोध्या त्या तीनशेतली एक.

त्या गोळीची एक गोम होती. निम्म्या बायकांच्या डबीत खरी गोळी आणि निम्म्यांच्या डबीत तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे अभ्यास संपेपर्यंत डॉक्टरलाही कळणार नव्हतं. कागदावर सही घ्यायच्या आधी त्यानं हे तीनदा समजावून सांगितलं. अयोध्यानं सातवीपर्यंतच्या अक्षरात सही केली.

बाहेर आल्यावर व्यंकट म्हणाला, "म्हंजे तुला पीठ खायला घालणार हाय हा."

"घालू द्या की," ती म्हणाली. "बावीस वर्षं तुमच्या घरचं पीठच खायलेय. काय झालं मला?"

रणधीर डॉक्टर चाळिशीचा, अंगानं किडमिडीत, बोलायला मात्र गोड. मूळचा येरमाळ्याचा. अयोध्याचं माहेर तिथून दोन कोसांवर. पहिल्याच भेटीत दोघांचं चैत्रातल्या येडेश्वरीच्या यात्रेवरून सुरू झालं. त्या यात्रेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात.

"चुन्याच्या रानात खडे वेचायला यायचात का तुम्ही, अयोध्याताई?"

"यायचे की. म्या वटी भरून आणायचे. आई म्हणायची, घर बांधायलीस का काय?"

डॉक्टर हसला, ती हसली. व्यंकट बाकड्यावर फायली धरून बसला होता. बायको लहानपणी ओटीभर खडे वेचायची, हे त्याला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, हे खरं. त्यानं विचारलंही नव्हतं, पण ते त्याच्या त्या दिवशी ध्यानात आलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याला सलायची. त्यानं बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. त्यांच्यात तशी रीतच नाही. लग्नात घास भरवताना नाव घेतलं तेवढंच, पुढं 'अगं' आणि पोर झाल्यावर 'हर्षे' अशी पोरीच्या नावानं हाक. आणि हा डॉक्टर एका भेटीत दहा वेळा अयोध्याताई म्हणायचा. ताई म्हणायचा, त्यात वावगं काही नव्हतं. तरी आपल्या घरातली वस्तू दुसऱ्यानं रोज वापरावी आणि आपण ती ठेवणीत ठेवून बसलेलो असावं, तसं व्यंकटला वाटायचं.

डॉक्टरनं प्रत्येक बाईला एक आखीव वही दिली होती. "रोज दोन ओळी लिहा. झोप, पाय, छाती, जे वाटेल ते. डॉक्टरी शब्द नकोत. तुमच्या बोलीत लिहा." बाकीच्या बायका दोन ओळी लिहीत असतील. अयोध्या दोन पानं लिहायची. दुपारची भांडी उरकली की उंबऱ्यापाशी बसून, पेनाचं टोपण दातात धरून लिहायची.

"काय लिहायलीस एवढं?"

"काय न्हाय. डॉक्टरला."

"मला सांग की. म्या पण हितंच हाय."

"तुम्हाला सांगून काय? तुम्ही म्हणता, व्हतंय बरं."

ते खरंच होतं. तो असंच म्हणायचा. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचतं?

गावातही थट्टा व्हायची. शेजारचा शांतलिंग पारावर म्हणाला, "व्यंकटराव, वहिनी दहावीला बसल्यात का काय? रोज अभ्यास चाललाय."

"डॉक्टरची परीक्षा हाय ती."

"मग पास व्हणार. तुम्ही कितवी नापास?"

सगळे हसले. व्यंकटही हसला आणि घरी येऊन विनाकारण म्हशीवर खेकसला.

दर गुरुवारी अकरा वाजता डॉक्टरचा फोन यायचा. सगळ्या बायकांना यायचा, आठवड्याचे दिवस वाटून घेतले होते. अयोध्याच्या फोनमध्ये त्याचं नाव 'काळीजवाले डॉक्टर' असं होतं. व्यंकटचं नाव 'हर्षाचे अप्पा'. गुरुवारी ती अकराच्या आत केस विंचरून, पदर नीट करून बसायची. फोनवर केस दिसत नाहीत, हे तिलाही कळत होतं. पण व्यंकट ते केस बघायचा आणि उठून गोठ्यात जायचा. दहा मिनिटं तिचं बोलणं ऐकू यायचं. रात्री कितीदा उठले, पायावर बोट दाबलं तर खळगा पडतो का, कुठल्या कुशीवर झोपते. नवऱ्याच्या शेजारी झोपणारी बाई आपण कुठल्या कुशीवर झोपतो ते परक्याला सांगत होती.

महिन्याच्या भेटीत एकदा डॉक्टरनं त्याला आत बोलावलं आणि पडद्यावर तिचं काळीज दाखवलं. काळं-पांढरं, धुरासारखं, उघडझाप करणारं. "हे बघा, छान चाललंय." व्यंकटनं मान हलवली. त्याला त्यातलं काही कळलं नाही. त्याला एवढंच कळलं, की हा माणूस हे दर महिन्याला बघतो.

थोरली बहीण नागूबाई जळकोटहून आली की आगीत तेल ओतायची. "तुझ्या बायकोच्या काळजात काय चाललंय, ते तुला ठाऊक न्हाय आन् त्या सोलापूरच्या डॉक्टरला ठाऊक."

"त्याचं कामच हाय ते, अक्का."

"व्हय, काम हाय. म्या कुठं न्हाय म्हणले?"

मग तो गुरुवार आला. त्याच्या आधीचे दोन आठवडे अयोध्या मंदावली होती. नळापासून घरापर्यंत येताना दोनदा थांबायची, कळशी खाली ठेवायची. बोलताना मध्येच गप्प व्हायची. त्या दिवशी ती आतल्या खाटेवर पडली होती. केस मात्र विंचरलेले होते. फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. तो वाजला तेव्हा व्यंकट खिडकीजवळ होता.

"द्या," ती उठून बसत म्हणाली आणि हात पुढं केला.

व्यंकटनं फोन घेतला आणि तो अंगणात आला. का आला, हे त्याला नंतर कितीदा विचार करूनही नीट सांगता आलं नाही. एकदा तरी ते दहा मिनिटं आपली असावीत, एवढंच.

"नमस्कार. अयोध्याताई?"

"म्या व्यंकट बोलायलाव."

"बरं, बरं. ताई कुठायत?"

"झोपलीय."

दारातून ती दिसत होती. खाटेवर बसलेली, हात तसाच पुढं.

"झोपू द्या, झोपू द्या. तुम्हीच सांगा मग. दम कसा आहे? गेल्या आठवड्यात थोडा होता. आता कमी झालाय का?"

"व्हय. कमी झालाय."

"किती? निम्म्यानं?"

"लई कमी. आता राह्यलाच न्हाय म्हणा."

"अरे वा," डॉक्टर म्हणाला. आवाजात खरोखर आनंद होता. "चांगली बातमी दिलीत. मी तर पुढच्या सोमवारी बोलवावं म्हणत होतो. आता नको. गोळी चालू ठेवा आणि पुढच्या महिन्यातच या. दोन गुरुवार मी पुण्याच्या कामात आहे, फोन नाही करणार. काही वाटलं तर तुम्ही करा."

व्यंकटनं फोन ठेवला. बाईत दम राहिला नाही म्हणून सांगितलं, तर हा 'अरे वा' म्हणाला. व्यंकटला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याच्या खाली एक गोडी होती. बघ, कसं दगडाचं काळीज आहे याचं. आता तरी हिला कळेल.

तो आत येऊन म्हणाला, "बघ तुझा डॉक्टर. तुझ्यात दम राह्यला न्हाय म्हणून सांगितलं, तर वा म्हणतोय. पुढच्या महिन्यात ये म्हणाला."

अयोध्यानं हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "इचार करूनच म्हणले असतील."

म्हणजे तरीही तोच बरोबर. व्यंकटनं टोपी घातली आणि तो रानात निघून गेला.

पुढं बारा दिवस. ती भिंतीला टेकून, बसून झोपायला लागली. पाय सुजले. सहाव्या दिवशी व्यंकट म्हणाला, "चल, सोलापूरला जाऊ."

"पुढच्या महिन्यात बोलवलंय ना? दम धरा जरा."

त्याला नंबर पाठ होता. दिवसातून दोनदा तो मनात यायचा, आकडे एकामागून एक. पण स्वतः होऊन त्या माणसाला फोन करायचा, 'डॉक्टरसाहेब, माझ्या बायकोला बघा' म्हणायचं, हे त्याच्या जिभेवर येत नव्हतं. दहाव्या दिवशी तिला बोलताही येईना, तेव्हा त्यानं शांतलिंगची जीप केली. डॉक्टर पुण्यात होता. दवाखान्यातल्या इतरांनी जे करायचं ते केलं. हर्षाली तुळजापूरहून तिथंच आली. दोन दिवसांनी संपलं.

नागूबाई पंधरा दिवस राहायला आली. अकराव्या दिवशी डॉक्टरचा फोन आला. चौदाव्या दिवशी येतो म्हणाला. भेटायचंही आहे आणि वहीही न्यायची आहे.

"वही कशापायी?" नागूबाई म्हणाली. "बाईमाणसाचं लिहिलेलं परक्याच्या हातात द्यायचं न्हाय. लोक काय म्हणतील?"

"आत्या, ती त्यांच्यासाठीच लिहिलेली हाय," हर्षाली म्हणाली. "अजून दोन-अडीचशे बायका ती गोळी घ्यायल्यात. आईचं कुणाच्या तरी उपयोगी पडंल."

"तुझ्या बापाला इचार."

व्यंकट उठून गोठ्यात गेला. दुपारी दोघी नळावर गेल्यावर त्यानं कपाटातून वही काढली. तोवर त्यानं ती कधी उघडली नव्हती. ती लपवून ठेवलेली नव्हती, कपाटाच्या खालच्या फळीवर उघडीच असायची. पण डॉक्टरची वही आपण का वाचावी, असा त्याचा ताठा होता.

प्रत्येक पान 'डॉक्टरसाहेब' म्हणून सुरू होत होतं. एका पानावर लिहिलं होतं: "रात्री दोनदा उठले. पण डॉक्टरसाहेब, धाप लागून उठले का ह्यांच्या घोरण्यानं उठले, ते सांगता येत नाही. ह्यांचं घोरणं म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. तुमच्या मशिनीवर एकदा ह्यांना पण झोपवा." दुसऱ्या पानावर: "आज भाकरी थापताना हात थांबला. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं की ह्यांचं तोंड लहान लेकरागत होतं, ते बघवत नाही." आणखी कुठं चुन्याच्या रानाचं, आईचं, पोरीच्या लग्नाचं. कुठं नुसतंच, "आज बरं आहे."

वाचताना त्याचे कान तापले. आपलं घोरणं, आपलं तोंड, सगळं त्या माणसासाठी लिहून ठेवलेलं. तिला एवढं बोलता येत होतं, एवढी गंमत करता येत होती, आणि ती सगळी तिकडं गेली.

मग त्या गुरुवारचं पान आलं. चारच ओळी होत्या.

"डॉक्टरसाहेब, आज तुमचा फोन आला. मला बोलायचं होतं, धाप लई वाढली आहे. मी हात केला, पण ह्यांनी फोन दिला नाही. पुढच्या महिन्यात या म्हणालात म्हणे, मग काळजीचं नसेल."

त्यानंतरची पानं कोरी होती.

व्यंकटनं वही मिटली. कपाटात ठेवली नाही. तिच्या लग्नातल्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली घातली आणि पेटीला कुलूप लावलं.

चौदाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आला. बूट बाहेर काढून, खुर्ची दिली तरी खाली सतरंजीवर बसला. नागूबाईनं चहा दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ प्यायला नाही. दाढी वाढली होती. व्यंकटचीही वाढली होती. दाराशी उभा राहून कुणी बघितलं असतं, तर बायको कुणाची गेली हे त्याला चटकन सांगता आलं नसतं. हे व्यंकटच्याच मनात आलं आणि त्यानं नजर वळवली.

"मला तुम्हाला एक विचारायचं आहे, व्यंकटराव," डॉक्टर म्हणाला. त्यानं लॅपटॉप उघडला. "आधी हे बघा. हे ताईंचं सहा महिन्यांपूर्वीचं."

पडद्यावर ते काळं-पांढरं काळीज पुन्हा उघडझाप करायला लागलं. हर्षाली स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तोंडाला ओढणी लावून उभी राहिली. नागूबाईनं हात जोडले. बाईला चौदा दिवसांपूर्वी अग्नी दिलेला, आणि तिचं काळीज या माणसाच्या पेटीत चालू होतं. पाहिजे तेव्हा उघडायचं, पाहिजे तेव्हा बघायचं.

"मला ते देता येतं का?" व्यंकटनं विचारलं.

"फोटो? हो, देता येईल. हर्षालीच्या फोनवर पाठवतो."

एवढं सहज दिल्यावर त्याला ते नकोसं झालं.

"हे नंतरचं, शेवटच्या भेटीतलं," डॉक्टर दुसरं चित्र काढत म्हणाला. "इथं थोडं मंद आहे, पण घाबरण्यासारखं नाही. अशा बायकांना मी आठ दिवसांत परत बोलावतो. ताईंना बोलावणारच होतो. पण त्या गुरुवारी तुम्ही सांगितलंत, दम कमी झालाय. राहिलाच नाही म्हणालात. आणि बाराव्या दिवशी त्या गेल्या. मी चौदा दिवस हेच धरून बसलोय. माझ्या नोंदीप्रमाणे बाई बरी होत होती. बरी होणारी बाई अशी जात नाही. माझ्या फोटोंत काही चुकलंय, का गोळीत काही चुकलंय? आणखी बायकांना मी असंच पुढच्या महिन्यात बोलावत असेन तर?"

व्यंकटनं त्याच्याकडं बघितलं. दम कमी झाला. राहिलाच नाही. अरे वा. तो शब्द त्याच्या डोक्यात एकदा फिरला आणि जागेवर बसला.

"डॉक्टर," तो हळू म्हणाला, "तुम्ही दम म्हणालात, तो कोणचा?"

"कोणचा म्हणजे?"

"बैलाचा का म्हाताऱ्याचा?"

डॉक्टरला कळलं नाही. मग कळलं. बैलात दम असतो म्हणजे ताकद असते. म्हाताऱ्याला दम असतो म्हणजे धाप असते.

"तुम्ही बैलाचा सांगितलात," तो म्हणाला.

"व्हय. तिच्यातला दम गेला, असं म्या सांगितलं."

"आणि मी म्हाताऱ्याचा विचारला." त्यानं लॅपटॉप मिटला. हात त्याच्यावरच ठेवून बसला. "चूक माझी आहे. दवाखान्यात रात्रंदिवस दम, दम म्हणतो आम्ही. मी येरमाळ्याचा माणूस, मोटेला बैल जुंपलेले बघितलेत मी. मला कळायला पाहिजे होतं. बाई हातची घालवली मी."

नागूबाई म्हणाली, "असं नका म्हणू, साहेब. नशिबाचा खेळ हाय."

डॉक्टरनं पाणी मागितलं. तांब्या आल्यावर त्यानं तो तोंडाला लावला. व्यंकट बघत होता. दीड वर्ष हा माणूस त्याच्यापेक्षा उंच होता. आता तो त्याच्या सतरंजीवर, त्याच्या तांब्यातलं पाणी पीत, आपली चूक म्हणत बसला होता. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण व्यंकटला बरं वाटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं कुणीतरी दुसऱ्यानं उचललं होतं, आणि उचलणारा हाच होता.

डॉक्टरनं बॅगेतून कागद काढला. "ही नोंद आजच दुरुस्त करतो. बाकीच्या बायकांना आता दम विचारायचाच नाही. चालताना थांबावं लागतं का, बसून झोपावं लागतं का, असं सरळ विचारायचं." तो लिहीत गेला आणि मग वाचून दाखवलं. "रुग्ण झोपेत असल्यामुळे प्रश्नांची उत्तरे पतीने दिली. 'दम' या शब्दाच्या दोन अर्थांमुळे गैरसमज झाला. प्रश्नातील चूक तपासणाऱ्याची. बरोबर आहे ना? ताई झोपल्या होत्या?"

हर्षाली दारात उभी होती. त्या गुरुवारी ती तुळजापूरला होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"व्हय," व्यंकट म्हणाला. "झोपली होती."

"मग इथं सही करा."

व्यंकटनं सही केली.

"आणि वही? शेवटचे बारा दिवस त्यात असतील. निदान तो गुरुवार तरी. ताई रोज लिहायच्या. त्यांना काय होत होतं हे त्यांच्याच शब्दांत मिळालं, तर बाकीच्यांना लवकर ओळखता येईल."

"वही सापडत न्हाय."

नागूबाईनं भावाकडं बघितलं. वही देऊ नको म्हणणारी तीच, पण आता तिची नजर वेगळी होती.

"कपाटात खालच्या फळीवर असती की, अप्पा," हर्षाली म्हणाली.

"बघितलं. न्हाय तिथं."

"असू द्या," डॉक्टर म्हणाला. "घरात एवढं झालंय. सापडली की कळवा. मी स्वतः येऊन नेईन."

त्याला सोडायला व्यंकट रस्त्यापर्यंत गेला. गाडीत बसताना डॉक्टरनं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "तुम्ही तो शब्द सांगितलात म्हणून कळलं. नाहीतर कधीच कळलं नसतं." व्यंकटनं मान हलवली. धन्यवाद घ्यायला त्याला जड गेलं, पण त्यानं ते घेतले.

याला आता पाच महिने झाले. अभ्यास अजून चालू आहे. अयोध्याच्या डबीत कोणती गोळी होती, ते संपल्यावरच कळेल. डॉक्टर महिन्यातून एकदा फोन करतो. आधी म्हशीचं विचारतो, मग हर्षालीचं, मग वहीचं.

"सापडली का हो?"

"बघायलाव."

फोन ठेवला की कधी कधी व्यंकट पेटी उघडतो आणि एक पान वाचतो. 'डॉक्टरसाहेब' हा वरचा शब्द बोटानं झाकतो आणि खालचं वाचतो. त्या गुरुवारच्या पानापर्यंत जात नाही.

वही डॉक्टरला द्यायची राहिली आहे. अयोध्या त्या दिवशी जागी होती, हे सांगायचंही राहिलं आहे.